फाटलेला आवाज, घडवलेला नाद : गिटारचे डिस्टॉर्शन पेडल, तंबोऱ्याची जवारी आणि धुमालचा बेंजो

सारांश

विद्युत् गिटारसाठी वापरले जाणारे डिस्टॉर्शन पेडल हे ध्वनितरंगाची हेतुपूर्वक छाटणी करणारे छोटे इलेक्ट्रॉनिक उपकरण आहे. अभियांत्रिकीत दोष मानले जाणारे विरूपण संगीतात गुण कसे ठरले, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी १९७८ साली बाजारात आलेले ‘बॉस डीएस-१’ हे पेडल नमुना म्हणून घेतले आहे. त्याची तुलना तंबोऱ्याच्या जवारीशी आणि गोंदिया परिसरातील धुमाल पथकांत वाजणाऱ्या बेंजोशी केली आहे. पेडलचे खरे महत्त्व आवाज फाडण्यात नाही. आवाजाचा पोत आणि आवाजाची तीव्रता या दोन गोष्टी त्याने एकमेकींपासून सोडवल्या, यात ते आहे. गोंदियासारख्या जिल्ह्यात ही बाब वादकांच्या श्रवणक्षमतेशी आणि एका लोकप्रिय वादनप्रकाराच्या भवितव्याशी निगडित आहे.

बीजसंज्ञा : विरूपण, छाटणी, उपस्वर, जवारी, बेंजो, धुमाल, ध्वनिपातळी

१. प्रस्तावना

मराठीत ‘आवाज फाटणे’ हा वाक्प्रयोग बहुधा तक्रारीच्या सुरात केला जातो. गायकाचा आवाज फाटला, स्पीकर फाटला, भोंगा फाटक्या आवाजात वाजतो, असे म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात एक गृहीतक असते. मूळ ध्वनी शुद्ध होता आणि मार्गात कोठेतरी तो बिघडला, हे ते गृहीतक होय. इलेक्ट्रॉनिक्सच्या अभ्यासक्रमातही विरूपणाचा परिचय याच अंगाने होतो. अॅम्प्लिफायर चांगला की वाईट, हे त्यातील विरूपण किती टक्के आहे यावरून ठरवले जाते.

असे असूनही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील लोकप्रिय संगीताचा फार मोठा भाग या ‘बिघडलेल्या’ आवाजावर उभा आहे. मुंबईत १९८६ साली सुरू झालेल्या ‘इंडिपेन्डन्स रॉक’ महोत्सवापासून महाराष्ट्रातील रॉक वादकांच्या पिढ्यांनी हाच आवाज मिळवण्यासाठी पायाशी छोट्या पेट्या मांडल्या. दुसरीकडे पूर्व विदर्भात मिरवणुकीपुढे वाजणाऱ्या धुमालमधील बेंजोचा तीक्ष्ण, फाटका स्वर ऐकून सुशिक्षित वर्ग कानांवर हात ठेवतो आणि तरुण मंडळी नाचू लागतात. एकच भौतिक घटना एकाला गोंगाट वाटते आणि दुसऱ्याला संगीत. हा केवळ अभिरुचीचा भेद आहे, की त्यामागे मोजता येईल असे काही आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. ‘फाटणे’ म्हणजे नेमके काय?

अॅम्प्लिफायरला मिळणाऱ्या विद्युत्पुरवठ्याला मर्यादा असते. त्या मर्यादेपेक्षा मोठा तरंग निर्माण करण्याची त्याच्याकडून अपेक्षा केली, की तरंगाचे माथे आणि तळ सपाट होतात. कुंपणाची मेंदी वरून सरळ कापावी तसा तरंग कापला जातो. या क्रियेला छाटणी म्हणता येईल.

छाटणीचा परिणाम केवळ आकारापुरता राहत नाही. फूरियेच्या सिद्धान्तानुसार कोणताही आवर्ती तरंग हा मूळ वारंवारता आणि तिच्या पूर्ण पटींतील वारंवारता यांच्या बेरजेने बनलेला असतो. या पटींतील स्वरांना येथे उपस्वर म्हटले आहे. शुद्ध ज्यावक्रीय तरंगात एकच वारंवारता असते. त्याचे दोन्ही बाजूंचे माथे सारखे छाटले, की त्यात ३, ५, ७ अशा विषम पटींचे उपस्वर निर्माण होतात. छाटणी पूर्ण होऊन चौकोनी तरंग तयार झाला, तर तिसऱ्या उपस्वराचा आयाम मूळ स्वराच्या एक तृतीयांश, पाचव्याचा एक पंचमांश आणि सातव्याचा एक सप्तमांश असतो. दोन्ही बाजूंची छाटणी असमान असेल, तर २, ४, ६ अशा सम पटींचे उपस्वरही त्यात मिसळतात.

हे संगीताच्या भाषेत मांडले तर अधिक स्पष्ट होते. ११० हर्ट्झ हा षड्ज मानला, तर तिसरा उपस्वर ३३० हर्ट्झचा, म्हणजे वरच्या सप्तकातील पंचम असतो. पाचवा उपस्वर ५५० हर्ट्झचा, म्हणजे त्याहून वरच्या सप्तकातील गंधार असतो. खर्जाच्या तारेतून ऐकू येणाऱ्या ज्या ‘स्वयंभू गंधारा’चे वर्णन संगीताचे अभ्यासक करतात, तो हाच पाचवा उपस्वर होय. थोडक्यात, छाटणीमुळे मूळ स्वरात काहीतरी परके घुसते असे नाही. मूळ स्वराचेच नातलग मोठ्या संख्येने आणि मोठ्या आवाजात पुढे येतात.

३. दोषापासून उपकरणापर्यंत

विरूपणाचा संगीतातील प्रवेश अपघाताने झाला. १९५१ साली अमेरिकेतील मेम्फिस येथे ध्वनिमुद्रित झालेल्या ‘रॉकेट ८८’ या गीतात गिटारचा आवाज घोगरा येतो. त्यामागे प्रवासात इजा झालेला अॅम्प्लिफायर होता, असे सांगितले जाते. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गीतात ग्रेडी मार्टिन यांनी वाजवलेला तुकडा नॅशव्हिल येथील ध्वनिमुद्रण यंत्रणेतील एका बिघडलेल्या वाहिनीमुळे भुंग्याच्या गुणगुणण्यासारखा ऐकू आला आणि तो तसाच ठेवण्यात आला. १९६४ साली इंग्लंडमध्ये ‘द किंक्स’ या संचाच्या डेव्ह डेव्हिस यांनी तर स्पीकरचा पडदा पात्याने चिरून हाच परिणाम साधला.

नॅशव्हिलचे ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी त्या बिघाडाचा विचार केला आणि तोच परिणाम ट्रान्झिस्टरच्या साहाय्याने हुकमी मिळवता येईल असा परिपथ सहकाऱ्यासह तयार केला. गिब्सन कंपनीने १९६२ साली तो ‘मेस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणला. १९६५ साली ‘रोलिंग स्टोन्स’च्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गीतात कीथ रिचर्ड्स यांनी तो वापरला आणि या उपकरणाला मागणी आली. पुढे १९६६ साली लंडनचे ‘फझ फेस’ आणि १९६९ साली न्यूयॉर्कचे ‘बिग मफ पाय’ ही पेडल्स आली. १९७८ साली जपानच्या रोलँड कंपनीने आपल्या ‘बॉस’ या नाममुद्रेखाली नारिंगी रंगाचे ‘डीएस-१ डिस्टॉर्शन’ आणले आणि त्याच सुमारास अमेरिकेतील कॅलमाझू येथे ‘प्रोको रॅट’ तयार झाले. १९७९ साली आयबानेझचे ‘ट्यूब स्क्रीमर’ आले. डीएस-१ त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ उत्पादनात राहिले. जो सॅट्रियानी, स्टीव्ह वाय आणि ‘निर्वाणा’चे कर्ट कोबेन यांसारख्या परस्परांहून अगदी भिन्न शैलींच्या वादकांनी ते वापरले.

या क्रमात एक सूत्र दिसते. फाटलेला स्पीकर पुन्हा तसाच फाडता येत नाही आणि बिघडलेली वाहिनी एक दिवस पूर्णच बंद पडते. अपघात पुन्हा पुन्हा, हव्या त्या प्रमाणात आणि पायाच्या एका दाबाने घडवता यावा, अशी सोय पेडलने केली.

४. डीएस-१ची रचना व कार्य

डीएस-१ ही धातूची तळहाताएवढी पेटी आहे. तिच्यावर टोन, लेव्हल आणि डिस्टॉर्शन अशी तीन बटणे असून ती ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. गिटारच्या तारांखाली चुंबक व तांब्याच्या तारेचे वेटोळे असलेला पिकअप असतो. पोलादी तारेच्या कंपनामुळे या वेटोळ्यात एक व्होल्टच्या लहानशा अंशाइतका विद्युत्दाब निर्माण होतो. पेडलमध्ये हा दाब पुढील टप्प्यांतून जातो.

पहिल्या टप्प्यात ट्रान्झिस्टर त्याचे वर्धन करतो. दुसऱ्या टप्प्यात एकात्मिक परिपथ, म्हणजे चिप, ते आणखी वाढवते आणि किती वाढवायचे हे डिस्टॉर्शन बटण ठरवते. तिसऱ्या टप्प्यात सिलिकॉनचे दोन डायोड परस्परविरुद्ध दिशांनी भूमीशी, म्हणजे परिपथाच्या शून्य दाबाशी, जोडलेले असतात. सिलिकॉन डायोडवरील दाब सुमारे ०.६ व्होल्टपर्यंत पोहोचला, की तो वाहू लागतो आणि त्यावरचा दाब भूमीकडे वळवतो. एक डायोड धन बाजूचे माथे छाटतो, दुसरा ऋण बाजूचे. चौथ्या टप्प्यात टोन बटणाने खालच्या आणि वरच्या वारंवारतांचे प्रमाण ठरते. शेवटी लेव्हल बटणाने पेटीतून बाहेर पडणारा दाब कमी-अधिक करता येतो.

डायोडचा प्रकार आणि जागा बदलली, की आवाजाचा पोत बदलतो. जर्मेनियमचा डायोड सुमारे ०.३ व्होल्टलाच वाहू लागतो आणि त्याचे वळण अधिक सौम्य असते. ट्यूब स्क्रीमरमध्ये डायोड भूमीशी न जोडता चिपच्या प्रतिपुष्टी मार्गात जोडलेले असतात, त्यामुळे माथे सरळ कापले न जाता गोलसर होतात. डीएस-१चा आवाज करकरीत आणि ट्यूब स्क्रीमरचा मऊ वाटतो, याचे एक प्रमुख कारण येथे आहे.

५. टिकणारा स्वर आणि षड्ज-पंचम

छाटणीचा दुसरा परिणाम स्वराच्या आयुष्यावर होतो. समजा, तार छेडल्यावर पिकअपमधून ०.१ व्होल्टचा दाब मिळाला आणि पेडलने तो ४० पट वाढवला. मग ४ व्होल्ट होतील, परंतु डायोड त्यातील ०.६ व्होल्टच पुढे जाऊ देतात. काही क्षणांनी तारेचे कंपन क्षीण होऊन दाब ०.०२ व्होल्टवर आला, तरी वर्धनानंतर तो ०.८ व्होल्ट असतो. म्हणजे बाहेर पुन्हा ०.६ व्होल्टच मिळतात. तारेचे कंपन एक पंचमांश झाले तरी श्रोत्याला स्वर जवळजवळ तेवढाच ऐकू येतो. छेडून वाजणारे वाद्य अशा रीतीने सारंगी किंवा बासरीप्रमाणे स्वर लांबवू लागते. तथापि याच कारणाने तारेबरोबर येणारी विजेची ५० हर्ट्झची गुणगुणही तितकीच वाढते. वादन थांबले की पेडलचा खरखराट ऐकू येतो तो यामुळे.

तिसरा परिणाम दोन स्वर एकत्र वाजवल्यावर दिसतो. छाटणी करणारा परिपथ दोन स्वरांची केवळ बेरीज करून थांबत नाही. त्यांच्या संयोगातून नवे स्वरही निर्माण करतो. षड्ज ११० हर्ट्झ आणि पंचम १६५ हर्ट्झ घेतला, तर पहिल्याची दुप्पट वजा दुसरा म्हणजे ५५ हर्ट्झ, आणि दुसऱ्याची दुप्पट वजा पहिला म्हणजे २२० हर्ट्झ, असे दोन प्रमुख संयोगस्वर मिळतात. ५५ हा खालच्या सप्तकातील षड्ज आहे आणि २२० हा वरच्या सप्तकातील. म्हणजे नवे पाहुणेही घरचेच निघतात आणि आवाज भरीव होतो.

याच जागी गिटारवरील समभाजित सप्तकातील गंधार, सुमारे १३८.६ हर्ट्झ, घेतला तर संयोगस्वर ८१.४ आणि १६७.२ हर्ट्झचे येतात. षड्जाशी त्यांचे साधे प्रमाण जुळत नाही. शिवाय षड्जाचा पाचवा उपस्वर ५५० आणि या गंधाराचा चौथा उपस्वर सुमारे ५५४ हर्ट्झचा असल्यामुळे सेकंदाला सुमारे ४ वेळा आंदोलने होतात. साध्या आवाजात ती लपून राहतात, पण विरूपण त्यांना पुढे आणते आणि स्वरसंघात खरखरीत वाटतो. रॉक संगीतातील वादक विरूपणासह गंधार वगळून केवळ षड्ज-पंचमाची जोडी वाजवतात, ती या भौतिक कारणामुळे. ज्या जोडीवर आपला तंबोरा उभा आहे, त्याच जोडीपाशी ते वेगळ्या वाटेने पोहोचले, ही लक्षात घेण्याजोगी बाब आहे.

६. जवारी : विजेवाचून उपस्वर

उपस्वर हेतुपूर्वक वाढवण्याची कल्पना भारतीय वाद्यकारागिरांना नवीन नाही. मिरज येथे तंतुवाद्यनिर्मितीची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली आहे आणि मिरजेची सतार व तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या परंपरेतील सर्वांत नाजूक काम जवारी काढण्याचे. व्हायोलिन किंवा गिटारची तार टोकाला एका धारदार कडेवर टेकलेली असते. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद असून तिचा पृष्ठभाग अत्यंत मंद वक्र असतो. कंप पावणारी तार या वक्राला क्षणोक्षणी स्पर्श करते व सुटते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून हा स्पर्श नेमक्या जागी आणला, की स्वर ‘खुलतो’ आणि त्यातून उपस्वरांचा झरा वाहू लागतो.

सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात या घटनेची दखल घेतली. पाश्चात्त्य सिद्धान्तानुसार तार ज्या बिंदूवर छेडली, तेथे ज्या उपस्वरांचा निस्पंद बिंदू येतो, ते उपस्वर निर्माण व्हायला नकोत. तंबोऱ्यात मात्र तेही स्पष्ट ऐकू येतात, असे त्यांनी दाखवून दिले आणि त्याचे कारण घोडीच्या वक्र पृष्ठभागाशी जोडले. विज्ञानाच्या आजच्या भाषेत ही अरेषीय क्रिया आहे, आणि डायोडची छाटणीही अरेषीयच असते.

दोहोंतील भेदही तितकाच महत्त्वाचा आहे. जवारी प्रत्येक तारेची स्वतंत्र असते, म्हणून चार तारांचे उपस्वर शेजारी शेजारी नांदतात. त्यांचे संयोगस्वर निर्माण होत नाहीत. पेडलमध्ये सहाही तारांची बेरीज एकाच डायोडच्या जोडीतून जाते, त्यामुळे तारा एकमेकींत मिसळतात. शिवाय जवारीत स्वर हळूहळू विझतो आणि विझताना त्याचा रंग बदलतो. पेडलमध्ये तो बराच काळ एकाच पातळीवर राहतो. तरीही दोन्ही ठिकाणी कारागिराची दृष्टी एकच आहे. ध्वनीची ताकद न वाढवता त्याची समृद्धी वाढवणे, ही ती दृष्टी होय.

७. गोंदिया परिसर : बेंजो, धुमाल आणि झाडीपट्टीचा मंडप

दिनांक १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या सीमेला लागून आहे. या सीमेच्या दोन्ही बाजूंना मिरवणुका आणि वरातींपुढे धुमाल वाजतो. चर्मवाद्यांच्या जोडीला बेंजो किंवा की-बोर्ड, आणि मालवाहू गाडीवर रचलेले अॅम्प्लिफायर व स्पीकर, अशी त्याची सर्वसाधारण मांडणी असते.

येथील बेंजो म्हणजे पाश्चात्त्य लोकसंगीतातील चामड्याने मढवलेले बँजो नव्हे. १९१२ साली जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी ‘ताइशोगोतो’ नावाचे वाद्य तयार केले. टंकलेखन यंत्रासारख्या कळा दाबून त्याच्या तारांची लांबी बदलता येते. भारतात आल्यावर ते ‘बुलबुल तरंग’ झाले. पुढे त्याला पिकअप बसवून विजेशी जोडले गेले, तेव्हा तोच बेंजो मुंबई-कोकणातील बँजो पार्ट्यांपासून पूर्व विदर्भातील धुमालपर्यंत पोहोचला. पोलादी तारा, चुंबकीय पिकअप आणि अॅम्प्लिफायर ही तिन्ही अंगे त्यात आहेत. म्हणजे तत्त्वतः तो विद्युत् गिटारचा सख्खा भाऊ आहे. रस्त्यावरच्या कोलाहलात चर्मवाद्यांच्या वर उठून दिसण्यासाठी त्याला तीक्ष्ण आणि टिकणारा स्वर लागतो. तो स्वर अॅम्प्लिफायर पूर्ण उघडून, शेवटच्या टप्प्यात आवाज फाडून मिळवता येतो.

याच जिल्ह्यात विरूपणाचे दुसरे रूपही पाहायला मिळते. धानाची कापणी आटोपल्यावर, दिवाळीनंतर होळीपर्यंत, गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील गावोगावी झाडीपट्टी रंगभूमीची नाटके रात्रभर रंगतात. तेथे नटाचा संवाद मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणे हा खेळाचा प्राण असतो. संवाद, ऑर्गन आणि तबला एकाच ताणलेल्या अॅम्प्लिफायरमधून गेले, तर मागे वर्णिलेले संयोगस्वर तयार होतात आणि शब्द गढूळ होतात. येथे विरूपण हा निर्विवाद दोष आहे.

सारांश, विरूपण स्वतः चांगले वा वाईट नसते. शब्द कळावा अशी अपेक्षा असेल तेथे ते शत्रू ठरते आणि एकाच तंतुवाद्याला धार द्यायची असेल तेथे मित्र. कोणत्या ध्वनीला, साखळीच्या कोणत्या टप्प्यावर आणि कोणाच्या इच्छेने ते दिले, यावर सारे अवलंबून आहे.

८. पोत आणि तीव्रता : मूळ प्रश्न

पेडल येण्यापूर्वी विरूपण मिळवण्याचा रूढ मार्ग अॅम्प्लिफायर त्याच्या मर्यादेपलीकडे चालवणे हाच होता. परिणामी फाटका स्वर हवा असेल तर प्रचंड आवाज स्वीकारावा लागे. पेडलने छाटणी साखळीच्या आरंभी, एक व्होल्टच्या आतल्या दाबावर आणली. छाटणी झाल्यावर लेव्हल बटणाने आवाज हवा तितका कमी करता येतो आणि अॅम्प्लिफायर आपल्या मर्यादेतच राहतो. झोपायच्या खोलीत कुजबुजीइतक्या आवाजात वाजणारी गिटारही तोच पोत देऊ शकते. पोत आणि तीव्रता येथे प्रथमच व्यवहारात वेगळ्या झाल्या.

मिरवणुकीच्या गाडीवर त्या अद्याप अनेकदा एकत्रच असतात आणि त्याचे मोल दोन ठिकाणी चुकवावे लागते. पहिले मोल यंत्राचे. समान उंचीचा चौकोनी तरंग ज्यावक्रीय तरंगाच्या दुप्पट शक्ती वाहतो. त्यामुळे फाटेपर्यंत ताणलेला अॅम्प्लिफायर स्पीकरला त्याच्या नियत क्षमतेहून अधिक शक्ती देतो आणि स्पीकरचे कॉइल जळते. दुसरे मोल कानाचे, आणि ते भरून येत नाही. अमेरिकेतील ‘नायॉश’ या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या निकषानुसार ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला ८ तास राहता येते. त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ८८ डेसिबलला ४ तास, ९४ डेसिबलला १ तास आणि १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे. मिरवणूक काही तास चालते. श्रोता पुढे निघून जातो, परंतु वादक आणि ध्वनियंत्रणा सांभाळणारा मुलगा गाडीवरच असतात. सर्वाधिक मात्रा त्यांच्या वाट्याला येते.

कायद्याची बाजूही यात आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धकावर बंधने आहेत. या नियमांचा रोख पातळीवर आहे. आवाजाच्या पोतावर ते कोणतेही बंधन घालत नाहीत. सार्वजनिक चर्चेत मात्र दोहोंची गल्लत होते. एक पक्ष धुमालच्या स्वरालाच गोंगाट ठरवून वादनप्रकार बंद करू पाहतो आणि दुसरा पक्ष आवाज कमी केला तर रंगत जाईल असे मानतो. दोन्ही पक्षांचे गृहीतक एकच आहे की, तो स्वर मोठ्या आवाजावाचून निघत नाही. पेडलच्या परिपथाने हे गृहीतक खोडून काढले आहे.

मनुष्याचा कान साधारणतः २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वाधिक संवेदनशील असतो. छाटणीने वाढलेले उपस्वर मोठ्या प्रमाणात याच पट्ट्यात पडतात. म्हणून तितक्याच शक्तीत असा स्वर अधिक पुढे आलेला वाटतो. बेंजोला आरंभीच नियंत्रित छाटणी दिली, तर तीच धार कमी शक्तीत राखण्यास वाव मिळतो. आवाज ३ डेसिबलने उतरवला तर शक्ती निम्मी लागते आणि ऐकणाऱ्याला फरक जेमतेम जाणवतो. वादकाच्या कानाची सुरक्षित मुदत मात्र दुप्पट होते. पेडल हा अर्थातच सर्वरोगहारी उपाय नव्हे. लेव्हल बटण उतरवण्याची तयारी नसेल, तर तेच उपकरण त्रास वाढवील. उपकरणाने शक्यता निर्माण होते, निर्णय माणसालाच घ्यावा लागतो.

९. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील उपयोग

हा विषय महाविद्यालयाच्या आवाक्यात आहे, हे त्याचे आणखी एक वैशिष्ट्य. डायोडचा क्लिपर परिपथ आणि ७४१ ही चिप पदवी स्तरावरील प्रात्यक्षिकांत परिचित आहेत. १९७० च्या दशकातील ‘एमएक्सआर डिस्टॉर्शन प्लस’ या नामांकित पेडलमध्ये हीच ७४१ चिप आणि जर्मेनियमचे दोन डायोड वापरलेले होते. म्हणजे विद्यार्थी प्रात्यक्षिकाच्या तासाला जो परिपथ जोडतो, तो एका वाद्याच्या अगदी जवळ पोहोचलेला असतो. दोलनदर्शीवर छाटलेला तरंग पाहणे आणि तोच तरंग कानाने ऐकणे, हे दोन्ही एका बैठकीत घडवून आणता येते. सिलिकॉनच्या जागी जर्मेनियमचा डायोड बसवून पोतातील बदल नोंदवता येतो. तंबोऱ्याचा सूत सरकवून तयार होणाऱ्या उपस्वरांचे संगणकावर विश्लेषण करता येते.

अशा उपक्रमात पदार्थविज्ञान, इलेक्ट्रॉनिक्स, संगीत आणि लोकसाहित्य हे विभाग एकत्र येऊ शकतात. धुमालचे वादक आणि ध्वनियंत्रणा भाड्याने देणारे व्यावसायिक यांना त्यात सहभागी करून घेतल्यास लाभ दुहेरी होईल. कोणत्या टप्प्यावर आवाज फाडला म्हणजे बेंजो ‘बोलतो’, याचे व्यावहारिक ज्ञान त्यांच्यापाशी आहे. त्या ज्ञानाला मोजमापाची जोड देणे हे महाविद्यालयाचे काम आहे.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. (१) विरूपण म्हणजे मूळ स्वराच्या उपस्वरांची आणि संयोगस्वरांची वाढ होय. ती दोष की गुण, हे वापराच्या हेतूवरून ठरते. (२) डिस्टॉर्शन पेडलने अपघाती बिघाडाला नियंत्रित, पुनरावर्ती आणि कमी आवाजातही साध्य होणाऱ्या क्रियेचे रूप दिले. (३) तंबोऱ्याची जवारी हे उपस्वरवृद्धीचे विजेवाचूनचे प्रगत उदाहरण असून तिच्यात तारांचे परस्परमिश्रण होत नाही, हा तिचा विशेष आहे. (४) धुमालमधील बेंजोचा स्वर आणि त्याची तीव्रता या दोन स्वतंत्र बाबी आहेत, आणि नियमनाची गरज दुसऱ्या बाबीला आहे.

मिरजेचा कारागीर जवारी काढताना तासन्‌तास घोडी घासतो, सूत सरकवतो, ऐकतो आणि पुन्हा घासतो. नाद मोठा करणे हे त्याचे उद्दिष्ट नसते. तो योग्य जागी खुलवणे हे असते. तीच चिकित्सा मिरवणुकीच्या गाडीवरील बेंजोच्या वाट्याला आली, तर गोंदियाच्या रस्त्यावर धुमाल वाजत राहील आणि तो वाजवणाऱ्याला म्हातारपणीही स्वतःचा बेंजो ऐकू येईल.